दार्जिलिंग रेल्वेची बी वर्ग इंजिने

दार्जिलिंग हिमालयीन रेल्वेच्या ६१० मिमी. रुंदीच्या नॅरोगेज मार्गासाठी १८८९ ते १९२७ या काळात बांधलेली चार चाकी वाफेची इंजिने. या वर्गाची एकूण ३४ इंजिने तयार झाली आणि त्यांतील काही आजही दार्जिलिंग परिसरात गाड्या ओढतात. एकाच आराखड्याची इंजिने ज्या मार्गासाठी बांधली त्याच मार्गावर शतकाहून अधिक काळ नियमित कामात राहिल्याची अशी उदाहरणे जगात फार थोडी आहेत.

ईस्टर्न बेंगॉल रेल्वेचे अधिकारी फ्रँकलिन प्रेस्टेज यांच्या पुढाकाराने सिलिगुडीहून निघालेला हा मार्ग जुलै १८८१ मध्ये दार्जिलिंगला पोहोचला. आधी बांधलेल्या हिल कार्ट रस्त्याच्या कडेने तो जात असल्यामुळे रस्त्याची वळणे आणि चढ त्याच्या वाट्याला आले. तराईतून, म्हणजे हिमालयाच्या पायथ्याच्या सखल पट्ट्यातून निघून घूम येथे २,२५८ मी. उंची गाठताना काही ठिकाणी साधारण २३ मीटरला १ मीटर इतका चढ लागतो, तर ॲगनी पॉइंट येथील वळणाची त्रिज्या जेमतेम १८ मी. आहे. जेथे वळणही घेता येत नाही तेथे गाडी पुढे जाऊन थांबते, वरच्या रुळावर उलटी ढकलली जाते आणि मग पुन्हा पुढे निघते. अशा झिगझॅग जागी इंजिनाला दोन्ही दिशांना सारख्याच खात्रीने चालावे लागते.

सुरुवातीची ए वर्गाची इंजिने चहा आणि प्रवासी यांच्या वाढत्या वाहतुकीला अपुरी पडू लागल्यावर शार्प, स्ट्युअर्ट आणि कंपनी या ब्रिटिश कारखान्याने बी वर्गाचा आराखडा केला. चारही चाके चालक, म्हणजे वाफेच्या जोराने फिरणारी असल्याने इंजिनाचे सगळे वजन रुळांवरील पकडीसाठी उपयोगी पडते, आणि पुढच्या-मागच्या आसांतील अंतर थोडे ठेवल्यामुळे ते अरुंद वळणांत अडकत नाही. पाणी व कोळसा वाहणारा स्वतंत्र डबा, म्हणजे टेंडर, जोडणे परवडणारे नव्हते. म्हणून पाण्याची एक टाकी बॉयलरवर खोगिरासारखी बसवली आणि दुसरी सांगाड्याच्या आत सामावली. कोळशाची पेटी चालककक्षाच्या पुढे आली. पाणी व कोळसा इंजिनावरच असल्याने त्यांचे वजनही पकडीला हातभार लावते. या आराखड्याचे खरे श्रेय अशा काटकसरीत आहे.

पुढे नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनीने, १९१७ मध्ये अमेरिकेच्या बॉल्डविन कारखान्याने आणि नंतर खुद्द रेल्वेच्या तिनधरिया कार्यशाळेनेही या वर्गाची इंजिने बांधली. बॉल्डविन व तिनधरिया यांचा वाटा प्रत्येकी तीन इंजिनांचा होता. डोंगरातील एका छोट्या कार्यशाळेने संपूर्ण इंजिन उभे करावे, ही त्या काळातील हिंदुस्थानात अभिमानाने नोंदवण्याजोगी गोष्ट आहे. अधिक शक्तीसाठी १९११ मध्ये आणलेले गॅरेट पद्धतीचे जोड इंजिन मात्र एकुलतेच राहिले, आणि १९१४ ची दोन पॅसिफिक (सहा चालक चाकांची) इंजिने सपाटीवरील मार्गांसाठी होती. डोंगराचा मुख्य भार बी वर्गावरच राहिला.

इंजिन लहान असले तरी त्यावरील माणसे कमी नव्हती. ड्रायव्हर आणि फायरमन यांच्याखेरीज कोळशाच्या पेटीवर बसून हातोड्याने ढेकळे फोडणारा एक जण असे; शिवाय पुढच्या बाजूला बसलेले दोघे, पावसाने किंवा धुक्याने रूळ निसरडे झाले की चाकांपुढे हाताने वाळू टाकत. या वर्गाच्या इतिहासात इंजिनाच्या कारखान्यांची नावे नेमाने येतात, या कामगारांची येत नाहीत. वस्तुतः चाके घसरू न देण्याचे काम आराखड्याइतकेच त्यांच्या हातांनी केले आहे.

ऑक्टोबर १९४८ मध्ये भारत सरकारने ही रेल्वे विकत घेतली आणि पुढे अखिल भारतीय क्रमांकनात या इंजिनांना ७७७ पासूनचे क्रमांक मिळाले. त्यांपैकी ७७७ नवी दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. ७७८ हे १८८९ चे इंजिन १९६० च्या दशकात अमेरिकेतील एका संग्राहकाने विकत घेतले आणि या शतकाच्या सुरुवातीला ते इंग्लंडला गेले. भारताबाहेर गेलेले हे या वर्गाचे एकमेव इंजिन होय. ७९४ क्रमांकाचे इंजिन महाराष्ट्रातील नेरळ–माथेरान मार्गासाठी आणण्यात आले. १९९९ मध्ये युनेस्कोने दार्जिलिंग रेल्वेला जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यानंतर लवकरच डिझेल इंजिने आली आणि लांब पल्ल्याच्या फेऱ्यांचे काम मुख्यतः त्यांच्याकडे गेले. बी वर्गाची इंजिने आता प्रामुख्याने दार्जिलिंग ते घूम या पर्यटक फेऱ्यांसाठी वापरली जातात.