क्रिटिकल स्पीड (फिरत्या शाफ्टचा क्रांतिक वेग)

शाफ्टवर चकती, पंखा, टर्बाइनचं चाक असं काहीही वजन बसवून तो फिरवला की एका ठराविक वेगाजवळ शाफ्ट बाजूला वाकतो आणि तसाच वाकलेला राहून बेअरिंगच्या मधल्या रेषेभोवती घुमत राहतो, त्या वेगाला क्रिटिकल स्पीड किंवा क्रांतिक वेग म्हणतात. कारण साधं आहे, कितीही नीट बनवलं तरी चकतीचा गुरुत्वमध्य शाफ्टच्या मध्यावर तंतोतंत येत नाही, थोडा बाजूला असतोच, आणि फिरण्याचा वेग शाफ्टच्या स्वतःच्या आडव्या कंपनाच्या वेगाशी जुळला की हा बारीकसा फरक मोठा होऊन बसतो. एका शाफ्टला असे अनेक क्रांतिक वेग असतात, पण बहुतेक वेळा बोलणं पहिल्याबद्दलच असतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. याला सगळे व्हायब्रेशन म्हणतात आणि बाहेर बेअरिंगच्या घरावर हात ठेवला तर थरथर जाणवतेही, पण शाफ्टच्या बाजूने बघितलं तर ते घुमणं आहे. दोघांनी धरून फिरवलेली उड्या मारायची दोरी जशी कमानीसारखी वाकून गोल फिरते तसा शाफ्ट फिरतो, त्याची बाहेरची बाजू कायम बाहेरच राहते, म्हणजे एका बाजूचं धातू सतत ताणात आणि दुसऱ्या बाजूचं सतत दाबात. त्यामुळे अशा एकतालात घुमण्याने शाफ्टला उलटसुलट ताण येऊन थकवा येतो असं नाही, मार बसतो तो बेअरिंगला, सीलला, पायाला, आणि शाफ्ट फारच वाकला तर आजूबाजूच्या स्थिर भागांना घासून.

हिशोबासाठी सगळ्यात साधं मॉडेल असं: शाफ्ट लवचिक पण वजनरहित, मधोमध एक चकती, दोन्ही टोकांना न हलणारी बेअरिंग्ज. यातून क्रांतिक वेग येतो तो शाफ्टच्या ताठरपणाला चकतीच्या वस्तुमानाने भागून त्याचं वर्गमूळ. कारखान्यात याचंच एक सोयीचं रूप वापरतात, आडव्या शाफ्टला चकतीच्या वजनाने किती मिलिमीटर झोळ पडतो ते काढायचं आणि ९४६ ला त्या आकड्याच्या वर्गमुळाने भागायचं, उत्तर आरपीएममध्ये येतं. १ मिमी झोळ असेल तर ९४६ आरपीएम, आणि ०.१ मिमी असेल तर साधारण २९९० आरपीएम, म्हणजे ५० हर्ट्झच्या ग्रिडवर दोन पोलचा जनरेटर ज्या ३००० आरपीएमला फिरतो जवळजवळ तिथेच. एवढासा झोळ डोळ्याला दिसतही नाही, म्हणून हा हिशोब डिझाइनच्या पहिल्याच दिवशी करायचा असतो. शाफ्टचं स्वतःचं वजन धरायचं असेल तर साध्या टेकूंवरच्या शाफ्टचं साधारण निम्मं वस्तुमान, लॉर्ड रेली यांच्या ऊर्जेवरून हिशोब करायच्या पद्धतीने १७/३५, चकतीच्या वस्तुमानात मिळवतात.

आता हे सगळं शोधलं कोणी, इथे वाद आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे, कारण त्यात नुसतं केंद्रोत्सारी बल धरणारा हिशोब कुठे चुकतो ते नेमकं दिसतं.

सुरुवात सहसा रँकिनपासून धरतात. ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम रँकिन यांनी १८६९ मध्ये फिरत्या शाफ्टच्या केंद्रोत्सारी बलावर एक छोटा लेख लिहिला. त्यांचा विचार असा की शाफ्टसोबत फिरत बघा, चकती जितकी बाहेर सरकेल तितकं शाफ्टचं मागे खेचणारं बल वाढतं आणि तितकंच केंद्रोत्सारी बलही वाढतं, ठराविक वेगाच्या खाली शाफ्ट जिंकतो आणि वर केंद्रोत्सारी बल जिंकतं, म्हणजे त्या वेगाच्या वर शाफ्ट चालवणं अशक्य. ऐकायला अगदी चोख वाटतं आणि तरी चूक आहे. फिरत्या चौकटीत उभं राहून हिशोब करायचा तर केंद्रोत्सारी बलासोबत कोरिओलिस बलही घ्यावं लागतं, आणि तेच रँकिनच्या हिशोबात नाही. चकती बाहेर सरकायला लागली की कोरिओलिस बल तिला आडवं ढकलतं, तिची वाट वळते आणि ती परत आत येते. स्थिर चौकटीतून बघितलं तर आणखी सोपं आहे, चकती म्हणजे दोन दिशांना स्प्रिंगने बांधलेलं वस्तुमान, तिच्या मोकळ्या हालचालीत फिरण्याचा वेग येतच नाही, मग ठराविक वेगाच्या वर ती अस्थिर होईल कशी?

रँकिनच्या या निष्कर्षामुळे इंजिनिअर लोक पुढची कित्येक वर्षं क्रांतिक वेगाच्या खालीच थांबले असं बऱ्याच पुस्तकांमध्ये सरसकट लिहिलेलं असतं. ते जरा सांभाळूनच घ्यावं. त्या काळात बहुतेक शाफ्ट वाफेच्या इंजिनावर आणि पट्ट्यांवर चालत, तिथे इतके वेग लागतच नव्हते, आणि गरज पडली तेव्हा लोक थांबले नाहीत. चार्ल्स पार्सन्स यांचा १८८४ चा टर्बाइन १८,००० आरपीएमला फिरत होता, त्यांनी बेअरिंगमध्येच लवचिकपणा आणि घर्षण ठेवलं म्हणजे शाफ्टला थोडं हलायला जागा मिळाली. स्वीडनच्या गुस्ताफ डी लावाल यांनी उलट केलं, शाफ्टच मुद्दाम बारीक आणि लवचिक ठेवला म्हणजे क्रांतिक वेग खूप खाली येतो आणि तो पटकन ओलांडून वर निवांत चालता येतं. १८८० च्या दशकाच्या शेवटी शेवटी त्यांचे छोटे टर्बाइन ३०,००० आरपीएमच्या आसपास चालत होते. म्हणजे थिअरी नाही म्हणत होती आणि मशीन समोर फिरत होतं.

थिअरी जुळवली ऑगस्ट फ्योपल यांनी. १८९५ मध्ये या जर्मन प्राध्यापकांनी डी लावालच्या शाफ्टवरच लेख लिहिला, वर सांगितलेलं चकतीचं मॉडेल घेतलं, त्यात गुरुत्वमध्याचा फरक घातला आणि दाखवून दिलं की क्रांतिक वेगाच्या वर शाफ्ट स्थिर राहतो, एवढंच नाही तर वेग वाढेल तसा गुरुत्वमध्य बेअरिंगच्या रेषेवर येऊन बसतो. पण लेख जर्मनमध्ये आणि फार न वाचल्या जाणाऱ्या नियतकालिकात होता, इंग्लंडमध्ये तो कोणाच्या फारसा लक्षात आला नाही. तिकडे मँचेस्टरला ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांच्या थिअरीवर स्टॅनली डंकर्ली यांनी प्रयोग करून १८९४ मध्ये अनेक चकत्यांच्या शाफ्टचं सूत्र दिलं होतं, प्रत्येक चकती एकटी असताना येणाऱ्या क्रांतिक वेगांच्या वर्गांचे व्यस्त घेऊन त्यांची बेरीज करायची, ती म्हणजे पूर्ण शाफ्टच्या क्रांतिक वेगाच्या वर्गाचा व्यस्त. डंकर्लीचं उत्तर खऱ्यापेक्षा थोडं कमी येतं आणि रेलीचं थोडं जास्त, म्हणून दोन्ही काढले की खरं उत्तर मध्ये सापडतं, आजही हाताने पडताळा घ्यायला याहून बरं काही नाही.

१९१६ मध्ये केर यांनी प्रयोगातून दाखवलं की पहिल्या क्रांतिक वेगाच्या वर जाता येतं आणि तिथे दुसरा क्रांतिक वेग भेटतो. यावरून इंग्लंडात बरीच चर्चा झाली आणि रॉयल सोसायटीने हा घोळ सोडवायचं काम हेन्री जेफकॉट या आयरिश इंजिनिअरकडे दिलं असं सांगितलं जातं. जेफकॉट यांचा लेख १९१९ मध्ये फिलॉसॉफिकल मॅगझीनमध्ये आला. मॉडेल जवळजवळ फ्योपलचंच, पण त्यात त्यांनी डॅम्पिंग, म्हणजे हालचालीतली ऊर्जा खाऊन ती शमवणारा विरोध, घेतलं, आणि त्यामुळे क्रांतिक वेगावर वाक अनंत न होता किती होईल आणि जड बाजू वाकाच्या किती मागे-पुढे राहील हे दोन्ही मिळालं. इंग्रजी पुस्तकांमुळे जगभर याला जेफकॉट रोटर म्हणतात, जर्मनीत लावाल रोटर. तारखा बघितल्या तर मूळ मॉडेलचं श्रेय फ्योपलचं आणि डॅम्पिंगचं जेफकॉटचं असं म्हणणं जास्त न्यायाचं वाटतं, या नोंदीत तरी तेच पारडं जड धरलंय.

जेफकॉटच्या उत्तरातला सगळ्यात महत्त्वाचा भाग फेजचा, म्हणजे जड बाजू आणि वाक यांच्यातल्या कोनाचा आहे. वेग कमी असताना चकतीची जड बाजू वाकाच्या बाहेरच्या अंगाला असते, क्रांतिक वेगावर ती बरोबर ९० अंश पुढे असते आणि त्याच्या बऱ्याच वर गेल्यावर १८० अंश, म्हणजे जड बाजू आत आणि हलकी बाजू बाहेर. वाकाचा आकडा तेव्हा मूळ फरकाइतकाच उरतो आणि चकती आपल्या गुरुत्वमध्याभोवती फिरायला लागते. ज्या जडत्वाने खाली शाफ्ट वाकवला तेच जडत्व वर गेल्यावर त्याला मध्यावर आणतं, आणि हे इतकं सुंदर आहे की ते नुसतं आलेखात बघून सोडून देऊ नये. घरातलं वॉशिंग मशीन स्पिनला लागताना सुरुवातीला धडधडतं आणि वेग वाढल्यावर शांत होतं ते ह्याच कारणाने, ड्रम स्प्रिंगवर टांगलेला असल्याने त्याचा क्रांतिक वेग खूप खाली असतो. बॅलन्सिंग करणाऱ्यांना फेजचा हा उलटफेर माहीत असावाच लागतो, नाहीतर वजन नेमकं चुकीच्या बाजूला लागतं.

आकड्यात सांगायचं तर डॅम्पिंग क्रिटिकल डॅम्पिंगच्या (अजिबात न हेलकावता मध्यावर परत यायला लागेल तेवढ्या डॅम्पिंगच्या) ५ टक्के असेल तर क्रांतिक वेगावर वाक मूळ फरकाच्या साधारण १० पट होतो, २ टक्के असेल तर २५ पट. पण हे तिथे थांबून राहिलं तर. वाक वाढायला वेळ लागतो, म्हणून वेगाने पार झालं तर तो पूर्ण आकड्यापर्यंत पोचतच नाही, याचा पद्धतशीर हिशोब एफ. एम. लुईस यांनी १९३२ मध्ये मांडला. टर्बाइन चढवताना क्रिटिकलच्या पट्ट्यात वेग धरून ठेवायचा नाही हा ऑपरेटरचा नियम त्यातूनच येतो.

चकती मधोमध नसून टोकाला लोंबकळत असेल तर ती वाकासोबत कलतेसुद्धा, आणि मग जायरोस्कोपिक परिणाम येतो, म्हणजे फिरती चकती आपला अक्ष कलू द्यायला विरोध करते. इथे नुसतं वस्तुमान पुरत नाही, चकतीचं अक्षाभोवतीचं आणि व्यासाभोवतीचं अशी दोन जडत्व आघूर्णं लागतात. पातळ चकतीत पहिलं दुसऱ्याच्या दुप्पट असतं, त्यामुळे फिरण्याच्याच दिशेने घुमताना शाफ्ट जास्त ताठ असल्यासारखा वागतो आणि क्रांतिक वेग वर सरकतो, उलट्या दिशेने घुमताना खाली. म्हणजे कंपनवेग स्वतःच फिरण्याच्या वेगावर अवलंबून राहतो आणि एक आकडा सांगून भागत नाही, आलेख काढावा लागतो. तो कॅम्पबेल डायग्राम, जनरल इलेक्ट्रिकच्या विल्फ्रेड कॅम्पबेल यांनी १९२४ मध्ये टर्बाइनच्या चाकांच्या कंपनासाठी वापरलेला. तेलाच्या बेअरिंगमध्ये आडवा आणि उभा ताठरपणा वेगळा असतो म्हणून एकाचे दोन क्रांतिक वेग होतात आणि शाफ्टचा मध्य लंबवर्तुळात फिरतो. लांब, पायऱ्यापायऱ्यांच्या रोटरसाठी मिकलस्टॅड आणि प्रोल यांची १९४४-४५ ची तुकड्यातुकड्यांनी पुढे सरकायची पद्धत बराच काळ चालली, १९७० च्या दशकापासून फायनाइट एलिमेंट, म्हणजे छोटे तुकडे पाडून सगळ्यांचा एकत्र हिशोब कॉम्प्युटरवर करायची पद्धत, आलं.

डॅम्पिंग नेहमी चांगलंच असतं हा समज १९२० च्या दशकात मोडला. भट्टीला हवा पुरवणारे मोठे काँप्रेसर क्रिटिकलच्या वर चालताना अचानक जोरात घुमायला लागले, बॅलन्सिंग कितीही सुधारलं तरी फरक पडेना. न्यूकर्क आणि किंबॉल यांनी १९२४ मध्ये दाखवलं की दोष शाफ्टवर आवळून बसवलेल्या भागांच्या जोडांमधल्या घर्षणाचा आहे. स्थिर भागातलं, म्हणजे बेअरिंगमधलं डॅम्पिंग ऊर्जा काढून घेतं, पण रोटरसोबत फिरणारं घर्षण क्रिटिकलच्या वर उलट फिरण्यातली ऊर्जा घुमण्यात घालतं. पाठोपाठ १९२५ मध्ये न्यूकर्क आणि टेलर यांनी ऑइल व्हिप वर्णन केला, त्यात बेअरिंगमधलं तेल शाफ्टला निम्म्याहून थोड्या कमी वेगाने ढकलत राहतं आणि शाफ्टचा वेग पहिल्या क्रिटिकलच्या दुपटीच्या आसपास गेला की प्रकरण हाताबाहेर जातं. टिल्टिंग पॅड बेअरिंग, म्हणजे शाफ्टभोवती आपोआप कलणाऱ्या सुट्या पट्ट्यांचं बेअरिंग, हा त्यावरचा नेहमीचा उपाय.

व्यवहारात दोन आकडे सांभाळतात. एक बॅलन्सचा, आयएसओच्या जी २.५ ग्रेडला ३००० आरपीएमच्या टर्बाइनचा गुरुत्वमध्य मध्यापासून जेमतेम ८ मायक्रॉन सरकलेला चालतो. दुसरा चालू वेग आणि क्रिटिकल यातल्या अंतराचा, एपीआय ६१७ या काँप्रेसरच्या अमेरिकन मानकात हे अंतर वाकाच्या आलेखातलं क्रिटिकलचं शिखर किती टोकदार आहे त्यावर ठरतं आणि हा टोकदारपणा मोजणारा अॅम्प्लिफिकेशन फॅक्टर २.५ च्या खाली असेल तर अंतर मागितलंच जात नाही.

समतोल अचानक बिघडला तर काय होतं ते नरोराला दिसलं. ३१ मार्च १९९३ रोजी उत्तर प्रदेशातल्या नरोरा अणुविद्युत केंद्राच्या पहिल्या युनिटमध्ये लो प्रेशर टर्बाइनच्या शेवटच्या टप्प्याची दोन पाती थकव्याने तुटली, त्या असमतोलाने रोटर इतका हादरला की पाइप तुटले, जनरेटर थंड ठेवणारा हायड्रोजन बाहेर आला आणि आग लागली. प्रमाण समजायला एवढं पुरे, १ मीटर त्रिज्येवरचं १ किलो वजन ३००० आरपीएमला गेलं तर साधारण १० टनांचं बल सेकंदाला ५० वेळा दिशा फिरवत बेअरिंगवर येतं.

शाफ्टचा ताठरपणा सगळ्या दिशांना सारखा नसेल तर आणखी एक भानगड, आडव्या शाफ्टचं स्वतःचं वजनच एका फेऱ्यात दोनदा त्याला हलवतं आणि क्रिटिकलच्या निम्म्या वेगावर एक छोटं शिखर उगवतं. दोन पोलच्या जनरेटर रोटरमध्ये हे मुळातच असतं, म्हणून पोलच्या भागावर आडव्या खाचा पाडून ताठरपणा सारखा करतात. शाफ्टला तडा गेला तरी नेमका असाच असमानपणा येतो. त्यामुळे मशीन बंद होताना, कोस्ट डाउनमध्ये म्हणजे वेग आपोआप उतरत असताना, वाक आणि फेज दोन्ही वेगासोबत नोंदवून आधीच्या शटडाउनच्या आलेखावर ठेवतात, क्रिटिकल खाली सरकलेला दिसला किंवा निम्म्या वेगावरचं शिखर मोठं झालं की रोटर उघडून तपासायला घेतात.