तेर्स

तेर्स : गोव्यातल्या कॅथलिक घरांत संध्याकाळी घरातल्या सगळ्यांनी मिळून म्हणायची जपमाळेची प्रार्थना. महाराष्ट्रात ‘रोझरी’ शब्द जास्त ओळखीचा आहे, पण गोव्यात तेर्स म्हटल्याशिवाय कोणाला पटकन कळत नाही, आणि शेजारचे हिंदू लोकसुद्धा ‘आता त्यांचा तेर्स चालू असेल, मागनं जाऊया’ असंच म्हणतात. देवघरासमोर (याला ओरातोर म्हणतात, मूळ पोर्तुगीज शब्द ओरातोरियु) मेणबत्ती किंवा हल्ली लाल बल्ब लावून सगळे बसतात, गुडघ्यांनी साथ दिली तर गुडघ्यावर, नाहीतर खुर्चीत.

नावाचा हिशेब आधी बघू. पोर्तुगीजमधे तेर्सु म्हणजे तिसरा हिस्सा. पूर्ण जपमाळेत पंधरा रहस्यं, म्हणजे ख्रिस्ताच्या आणि त्याच्या आईच्या, मरियेच्या आयुष्यातले पंधरा प्रसंग, आणि प्रत्येकाला दहा ‘नमान मोरिये’ (मरियेला वंदन करणारी छोटी प्रार्थना), असे एकूण दीडशे व्हायचे, जे बायबलमधल्या दीडशे स्तोत्रांच्या आकड्याशी जुळतं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांची ही स्तोत्रं असं पूर्वी म्हणत. रोज एवढं सगळं कोण म्हणणार, म्हणून पाच रहस्यं म्हणजे एक तृतीयांश म्हणायची, तो तेर्स. पुढे २००२ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी आणखी पाच रहस्यं जोडली, एकूण वीस झाली, म्हणजे आता घरोघर म्हणतात तो हिशेबाने चौथा हिस्सा आहे, पण नाव बदलायला कोण बसलंय.

उगमाबद्दल दोन मतं आहेत. परंपरा सांगते की मरियेने संत डॉमिनिक (मृत्यू १२२१) यांना स्वतः जपमाळ दिली. पण डॉमिनिकच्या काळातल्या लेखनात याचा उल्लेख मिळत नाही, आणि रहस्यांचं चिंतन जपाला जोडण्याचं श्रेय इतिहासकार साधारणपणे पंधराव्या शतकातल्या प्रशियाच्या डॉमिनिक नावाच्या कार्थुसियन पंथाच्या साधूला आणि नंतर जपमाळेची मंडळं काढणाऱ्या आलां द ला रोश (मृत्यू १४७५) यांना देतात. संताचं आणि या साधूचं, दोघांचं नाव डॉमिनिक असल्याने घोटाळा वाढला असेल असंही वाटून जातं. १५६९ साली पाचव्या पायस पोपनी जपमाळेचं रूप बऱ्यापैकी पक्कं केलं आणि ७ ऑक्टोबर १५७१ च्या लेपांतोच्या लढाईतला ख्रिस्ती आरमाराचा तुर्कांवरचा विजय जपमाळेच्या खात्यावर जमा झाला, म्हणून ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. गोव्यात अजूनही या महिन्यात तेर्स चुकवणं जरा अवघडच जातं.

गोव्यात ही प्रार्थना आली मिशनऱ्यांबरोबर. फ्रान्सिस्कन पंथाचे १५१७ च्या सुमारास, संत फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजी, संत डॉमिनिकच्या पंथाचे म्हणजे डॉमिनिकन १५४८ मधे. जपमाळ ही डॉमिनिकनांची खास भक्ती, त्यामुळे श्रेय त्यांना द्यायचा मोह होतो, पण झेवियर रस्त्यावर घंटा वाजवत मुलांना गोळा करून प्रार्थना पाठ करून घ्यायचे आणि मुलं तीच घरी जाऊन म्हणायची, हे बघता घरापर्यंतची वाट मुलांनीच पाडली असं मानणं जास्त बरं. घरचा रोजचा नेम म्हणून ती रुजली ती बहुधा सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढे, हळूहळू. मराठी वाचकांसाठी इथे एक गोष्ट महत्त्वाची, की १६१६ मधे राशोलला छापलेलं फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण हे मराठी ओव्यांत आहे, म्हणजे नव्या ख्रिस्ती माणसाला भक्तीचा छंद ओळखीचाच मिळाला. नंतर १६८४ चा पोर्तुगीज सरकारचा भाषाबंदीचा हुकूम आला, त्यात कोंकणी सोडायला तीन वर्षांची मुदत होती. हुकूम सरकारी कागदावर राहिला आणि घरात कोंकणीतलं ‘आमच्या बापा’ (येशूने शिकवलेली प्रार्थना) चालूच राहिलं, मात्र शिकलेल्या बड्या घरांत तेर्स पोर्तुगीजमधे म्हणायची चाल पडली ती विसाव्या शतकापर्यंत टिकली.

ओरातोर घरात, तसा अंगणात खुरीस (क्रूस), आणि तो कुठून आला याबद्दल वाद जास्त आहे. पुष्कळ ठिकाणी घरासमोर चौथऱ्यावर पांढरा खुरीस असतो, तिथे दिवा लावतात, वर्षातनं एकदा लादाइन (लितानी, म्हणजे एकाने म्हणायचं आणि बाकीच्यांनी उत्तर द्यायचं अशी प्रार्थना) घालतात. एक मत असं की हा तुळशी वृंदावनाचाच बदललेला अवतार, कारण जागा तीच, दिवा तोच, आणि १७३६ च्या इन्क्विझिशनच्या (चर्चचं धर्मन्यायालय) आदेशात तुळस लावायला मनाई होती. दुसरं मत असं की चौथऱ्यावरचे क्रूस पोर्तुगालमधे आधीपासून होते, तिथनंच आले. आकार पाहिला तर दुसरं मत खरं वाटतं, पण अंगणात देवाला जागा ठेवायची हे वळण इथलंच, त्यामुळे दोन्हीला अर्धं अर्धं द्यावं लागतं.

आता तेर्समधल्या कृतज्ञतेचं. जपमाळेच्या मूळ शब्दांत आभार मानण्याला खास जागा नाही, त्यात वंदन आहे आणि विनंती आहे. आभार येतात ते शेवटी जोडलेल्या भागात : साल्वे रेजिना (मरियेला विनवणारी प्रार्थना) आणि लितानी झाली की घरातलं वडीलधारं माणूस एकेक कारण सांगतं, पोर पास झालं, बोटीवरचा मुलगा सुखरूप पोचला, आजीचा ताप उतरला, भात घरात आलं, आणि प्रत्येक कारणासाठी एक ‘आमच्या बापा’. गेलेल्या माणसांसाठीही म्हणतात. ही यादी लांबली की मुलं पेंगायला लागतात, जेवण थंड होतं, हे सांगायला नकोच. मग लहानांनी मोठ्यांकडे बेसांव मागायचा, म्हणजे आशीर्वाद (पोर्तुगीज बेंसांव), आणि मोठ्यांनी द्यायचा. आदल्या मिनिटाला भांडलेल्या भावालाही थोरला म्हणून बेसांव मागावा लागतो.

कोंकणीत आभार मानताना म्हणतात ‘देव बरें करूं’. मराठी कानाला हे ‘आपण करू’ सारखं ऐकू येतं, पण कोंकणीत तो ‘देव भलं करो’ असा अर्थ आहे, म्हणजे आभार मानणारा स्वतः काहीच देत नाही, देणं देवावर सोपवतो. मराठी प्रोटेस्टंट बायबलमधला शब्द ‘उपकारस्तुती’, जो थेस्सलनीकाकरांच्या पहिल्या पत्रात (५:१८) येतो, तो याच्या जवळचा, पण घरगुती बोलण्यात तो कधी उतरला नाही.

घरचे आभार वर्षात दोनदा घराबाहेर जातात. एक भाताची नवी कणसं आली की, कणसांच्या फेस्ताला (सणाला). राय गावाला हे ५ ऑगस्टला असतं, ताळगावला २१ ऑगस्टला. आशीर्वाद दिलेली कणसं घरी आणून ओरातोरजवळ ठेवतात. हिंदू घरांतली नव्याची पंचम, चवथीच्या दुसऱ्या दिवसाची, याच शेताची आणि याच भावनेची, शब्दही तोच : नवें. दुसरं सायबीण : पावसाळा संपल्यावर मरियेची मूर्ती वाड्यावरच्या एका घरातून दुसऱ्या घरात नेतात, त्या रात्री त्या घरी सगळा वाडा तेर्स म्हणतो, नंतर उकडलेले चणे आणि घोटभर फेणी.

घर हीच प्रार्थनेची जागा उरली तर काय, याचं उदाहरण म्हणजे बाणावलीला जन्मलेले संत जुझे वाझ (१६५१–१७११). १६८७ मधे डच अंमलातल्या श्रीलंकेत ते पोचले तेव्हा कॅथलिक पूजेवर बंदी होती. गळ्यात जपमाळ घालून भीक मागत कोण कॅथलिक आहे ते त्यांनी ओळखलं अशी कथा सांगतात, आणि रात्री घराघरांत मिस्सा (कॅथलिक उपासना) केल्या. २०१५ मधे त्यांना संतपद मिळालं.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या कॅथलिक बिशपांची सभा) १९६४ मधे कुटुंबाला ‘घरातलं चर्च’ म्हटलं आणि पोप सहाव्या पॉलनी १९७४ मधे कुटुंबाने एकत्र जपमाळ म्हणावी अशी शिफारस केली. गोव्यात ते आधीपासून चालूच होतं. हल्ली टीव्हीच्या वेळेप्रमाणे तेर्स पुढेमागे होतो, आणि दुबईला किंवा लंडनला असलेली मुलं व्हिडिओ कॉलवर बसतात, नेट अडकलं की ‘नमान मोरिये’ अर्ध्यावर तुटतं आणि इकडचे आपले पुढे जातात, बेसांव मात्र कॉल कापायच्या आधी मागतात.