खिडक्या बदलण्याची परवानगी (मुंबई उपनगरे)

राहत्या घराच्या जुन्या खिडक्या काढून नव्या बसवण्यासाठी मुंबईच्या उपनगरांत घ्याव्या लागणाऱ्या मंजुऱ्या. वांद्र्यापासून दहिसरपर्यंत आणि कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत बहुतेक मध्यमवर्गीय घरे सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या इमारतींत आहेत. त्यामुळे या कामात महापालिका आणि सोसायटी असे दोन वेगळे अधिकार एकमेकांत मिसळतात. काही ठिकाणी म्हाडा (राज्याचे गृहनिर्माण प्राधिकरण), घरमालक किंवा वारसा समितीही त्यात येते. झडपा लाकडाच्या की ॲल्युमिनियमच्या, याच्याशी कायद्याला फारसे कर्तव्य नाही. भिंतीतली पोकळी तेवढीच राहते का आणि इमारत बाहेरून होती तशीच दिसते का, एवढेच तो पाहतो. परवानगी लागते की नाही, याची बहुतेक उत्तरे याच दोन प्रश्नांतून निघतात.

कायद्याची चौकट : महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 43 नुसार कोणत्याही विकासकामाला नियोजन प्राधिकरणाची परवानगी लागते, मात्र केवळ इमारतीच्या अंतर्भागापुरती किंवा बाह्य स्वरूपात लक्षणीय फरक न करणारी देखभालीची व सुधारणेची कामे त्यातून वगळली आहेत. दुसरा कायदा मुंबई महानगरपालिका अधिनियम, 1888. त्याच्या कलम 342 प्रमाणे इमारतीत भर घालायची, वापर बदलायचा किंवा एखादा भाग काढून पुन्हा उभारावा लागेल अशी दुरुस्ती करायची, तर आयुक्तांना आधी नोटीस द्यावी लागते. सूट आहे ती ‘टेनंटेबल रिपेअर्स’ना, म्हणजे घर राहण्याजोगे ठेवण्याच्या किरकोळ दुरुस्त्यांना. गनायटिंग (दाबाने सिमेंट-वाळूचा थर फवारणे), गिलावा व रंग, लाद्या बदलणे, संडास-न्हाणीघराची दुरुस्ती, नळ-पाइप, विजेचे फिटिंग आणि त्याच साहित्याने छप्पर बदलणे अशी त्यांची यादी कलमाच्या स्पष्टीकरणातच दिली आहे. खिडकीचे नाव त्या यादीत स्वतंत्रपणे येत नाही. बांधकामाची लांबी-रुंदी-उंची बदलणे, भारवाही भिंतीचा घटक काढणे, पोटमाळा वाढवणे ही कामे मात्र या सवलतीत बसत नाहीत, असे तिथेच बजावलेले आहे.

प्रत्यक्षात त्याच पोकळीत, त्याच मापाची नवी चौकट बसवायला कोणी वॉर्ड ऑफिसात नोटीस देत नाही आणि वॉर्डही ती मागत नाही. राष्ट्रीय इमारत संहितेनेही खिडकी, दार वा झरोका उघडणे-बुजवणे हे काम संरचना, अग्निसुरक्षा व आरोग्याचे नियम मोडत नसतील तर परवानगी न लागणाऱ्या कामांत धरले आहे. पण ही संहिता शिफारसवजा आहे, वॉर्डातल्या इंजिनिअरपुढे ती एकटी पुरत नाही. उंबरठ्यापर्यंत भिंत कापून फ्रेंच विंडो करणे, दोन खिडक्यांमधला भिंतीचा तुकडा काढून एकच लांब खिडकी करणे, खिडकी छज्जाच्या टोकापर्यंत बाहेर सरकवणे, ही कामे नोटिशीची आणि वास्तुविशारदाच्या किंवा परवानाधारक सर्वेक्षकाच्या नकाशाची आहेत. ‘आरसीसी बिल्डिंग आहे, विटांची भिंत आहे, काय होतंय’ हे कंत्राटदाराचे वाक्य अर्धेच खरे असते. पुष्कळ इमारतींत छज्जा लिंटेलमधूनच (खिडकीवरच्या आडव्या तुळईतूनच) पुढे काढलेला असतो आणि वरच्या भिंतीच्या वजनावर त्याचा तोल असतो. पोकळी रुंद केली की लिंटेलची टेकण जाते आणि धोका खालच्या मजल्यावरच्या माणसाच्या डोक्यावर येतो.

उजेड आणि वारा : मुंबईच्या 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत स्वयंपाकघरासह प्रत्येक राहत्या खोलीला किमान 1 चौ. मी. आणि न्हाणीघर, संडास वा कोठीला 0.3 चौ. मी. उघडी पोकळी हवी, असा दंडक होता. यात मोजली जाते ती पोकळी. बिजागरीच्या खिडकीच्या जागी दोन ट्रॅकची स्लायडिंग आली, की एका वेळी निम्मीच खिडकी उघडते. तीन ट्रॅकची असेल तर दोन तृतीयांश. कागदावर काही बिघडत नाही, मे महिन्यात मात्र घरच्यांच्या लगेच लक्षात येते. एसीसाठी न्हाणीघराची वा स्वयंपाकघराची खिडकी बुजवणे हे याहून वाईट, कारण तिथे दंडकच मोडतो.

बाल्कनी : उपनगरांत ‘खिडक्या बदलल्या’ म्हणून सांगितले जाणारे निम्मे काम खरे तर बाल्कनी बंद करण्याचे असते. 1991 च्या नियमांत आयुक्तांच्या लेखी परवानगीने बाल्कनी बंद करता येत असे, पण अटीवर : तिच्या दर्शनी क्षेत्राच्या एक तृतीयांश भागात वरच्या बाजूला लूव्हर, काचेच्या झडपा किंवा जाळी हवी, आणि कठडा सोडून उरलेल्या भागात काचेच्या झडपा. त्या काळातल्या कित्येक इमारतींत वरची जाळीची पट्टी आजही दिसते, ती यामुळे. जानेवारी 2012 मध्ये नियम बदलले. बाल्कनी, फ्लॉवर बेड (खिडकीबाहेरचा झाडांसाठीचा कट्टा), मोकळ्या सोडलेल्या जागा वगैरे चटईक्षेत्र निर्देशांकात (भूखंडाच्या तुलनेत किती बांधता येते त्या प्रमाणात) धरले जाऊ लागले आणि बदल्यात फंजिबल, म्हणजे कशासाठीही वापरता येणारे जादा, चटईक्षेत्र मिळू लागले. 2018 पासून 2034 पर्यंतची नवी नियमावली लागू आहे. म्हणून एकाच रस्त्यावरच्या 1995 च्या आणि 2015 च्या इमारतींना एकच उत्तर लागू पडत नाही. आधी काढायचा कागद म्हणजे इमारतीचा मंजूर नकाशा. फ्लॅट घेताना पाहिलेली ‘बेडरूमची खिडकी’ नकाशात फ्लॉवर बेडच्या आतल्या बाजूला दाखवलेली असते आणि आधीच्या मालकाने ती बाहेरच्या काठावर नेलेली असते, असे नेहमी आढळते. नवी खिडकी त्याच बाहेरच्या काठावर बसवली, तर जुनी चूक नव्या मालकाच्या नावावर चढते.

सोसायटीची परवानगी : रोजच्या व्यवहारात हीच खरी परवानगी. आदर्श उपविधींनुसार (सहकार खात्याने सोसायट्यांसाठी घालून दिलेल्या नमुना नियमांनुसार) समितीच्या पूर्व लेखी परवानगीशिवाय सभासदाला गाळ्यात भर घालता येत नाही की फेरफार करता येत नाही. अर्ज सचिवांकडे करायचा असतो. अर्जासोबत साधारणपणे खिडक्यांची मापे, साहित्य, काचेचा रंग, कंत्राटदाराचे नाव, गेटवर द्यायची कामगारांची यादी, कामाचे दिवस व वेळा आणि गळती झाल्यास जबाबदारी आपली, असे हमीपत्र मागतात. बऱ्याच सोसायट्या परतीची अनामत रक्कमही ठेवून घेतात. पावडर कोटिंग पांढरे की तपकिरी, काच साधी की रंगीत, हे सर्वसाधारण सभेत एकदाच ठरवून टाकलेले बरे. ते ठरलेले नसेल तर प्रत्येक अर्ज समितीच्या मर्जीवर लोंबकळतो आणि तिसऱ्या मजल्याला दिलेली परवानगी पाचव्याला का नाकारली, याचे उत्तर कोणाकडेच नसते. भिंतीच्या बाहेर काढलेल्या बॉक्स ग्रीलवर समित्या सर्वांत जास्त अडून बसतात. त्यात तथ्य आहे : आग लागल्यास माणूस बाहेर काढण्याची तीच वाट असते, म्हणून ग्रीलला उघडणारी झडप असायलाच हवी.

भांडण पेटते ते गळतीवरून. बाहेरून येणाऱ्या पावसाच्या पाण्याची गळती सोसायटीने स्वखर्चाने दुरुस्त करायची आणि उपविधींतल्या यादीत न बसणाऱ्या दुरुस्त्या सभासदाने, अशी विभागणी उपविधींतच आहे. खिडकी नेमकी या सीमेवर बसते. जुनी लोखंडी खिडकी उपटताना भिंतीत गाडलेले होल्डफास्ट (चौकट धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या) निघतात आणि चौकटीच्या दोन्ही बाजूंना मुठीएवढी भगदाडे पडतात. मिस्त्रीने ती घाईने सिमेंट चोपडून बुजवली, सिलची (खिडकीच्या तळाची) ग्रॅनाइटची पट्टी बाहेर उताराऐवजी सपाट ठेवली आणि भिस्त सिलिकॉनवर ठेवली, की जूनच्या पहिल्या मोठ्या सरीत खालच्या घराच्या छताला ओल येते. मग समिती म्हणते तुम्ही खिडकी बदललीत, सभासद म्हणतो बाहेरची भिंत तुमची. काम सुरू होण्याआधी दोन्ही घरांतून आणि बाहेरून काढलेले तारखेसह फोटो हमीपत्रापेक्षा जास्त उपयोगी पडतात. समितीनेच अर्जासोबत ते मागायला हरकत नाही. फार थोड्या मागतात.

इमारतीच्या वयाचाही संबंध येतो. स्थावर संपदा अधिनियम, 2016 प्रमाणे ताबा दिल्यापासून 5 वर्षांत संरचनेत किंवा कामाच्या दर्जात दोष निघाला, तर विकासकाने तो 30 दिवसांत विनाखर्च दूर करायचा असतो. या मुदतीत मालकाने स्वतःच खिडकी बदलली तर त्या जागेच्या गळतीबद्दल दाद मागणे अवघड होते. आधी विकासकाला लेखी कळवलेले चांगले. जुन्या इमारतींना 15 ते 30 वर्षांच्या काळात दर 5 वर्षांनी आणि त्यानंतर दर 3 वर्षांनी संरचनात्मक तपासणी उपविधींनी सांगितली आहे. ताज्या अहवालात छज्जे व लिंटेल पडायला आले असल्याची नोंद असेल, तर खिडकीचा अर्ज त्या दुरुस्तीपर्यंत थांबवणे समितीच्या हातात असते आणि योग्यही.

इतर प्राधिकरणे : म्हाडाच्या वसाहतींत, उदा. टिळकनगर किंवा कन्नमवारनगर, 2018 पासून नियोजन प्राधिकरणाचे काम म्हाडा स्वतःच पाहते, त्यामुळे पोकळी बदलायची असल्यास अर्ज तिकडे जातो. वारसा यादीतल्या वास्तूंना 1995 पासून वेगळे नियम आहेत. तिथे तावदानांची घडण हीच जपण्याची गोष्ट असल्याने त्याच मापाची खिडकीसुद्धा विचारल्याशिवाय बदलता येत नाही. भाड्याच्या घरात मालकाची संमती लागते, पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 ने भाडेकरूला थोडा आधार दिला आहे : जिथे आवश्यक तिथे महापालिकेची परवानगी घेऊन वायुवीजनासाठी खिडकी काढली, तर ते कायम स्वरूपाचे बांधकाम धरले जात नाही, तेवढ्या कारणावरून जागा खाली करून मागता येत नाही.

तक्रार आणि कारवाई : बहुतेकांची महापालिकेशी गाठ पडते ती शेजाऱ्याच्या तक्रारीनंतरच. वॉर्डाच्या इमारत व कारखाने विभागातून तपासणीची नोटीस (कलम 488) येते, काम चालू असेल तर ते थांबवण्याची (कलम 354अ), झालेले असेल तर परवानगीचे कागद दाखवण्याची वा खुलासा करण्याची (कलम 351). बदल नियमांत बसत असेल तर तो नियमित करून घेता येतो, नाहीतर भिंत पूर्ववत करावी लागते. तक्रार कुठे करायची, हेही उपविधींत वाटून दिले आहे. अनधिकृत फेरफाराची तक्रार महापालिकेकडे जाते, सोसायटीच्या मालमत्तेच्या देखभालीचा वाद सहकार न्यायालयात. लोक मात्र दोन्हींसाठी सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे अर्ज टाकतात आणि काही महिन्यांनी तो परत येतो.

मुंबईबाहेर : ठाणे, कल्याण-डोंबिवली, वसई-विरार हे व्यवहारात मुंबईचेच उपनगर असले तरी तिथे 1888 चा अधिनियम लागू नाही. तिथे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 चे कलम 254 (फेरफाराची नोटीस) व कलम 260 (बेकायदा कामावरील कारवाई) आणि डिसेंबर 2020 मध्ये मंजूर झालेली एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली पाहावी लागते. सोसायटीचे आदर्श उपविधी मात्र दोन्हीकडे तेच.