सोनोग्राफीत ‘प्लीहा वाढलेली’ आलंय? आधी हे वाचा

आमच्या रक्त तपासणी लॅबच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक, लालबाग-परळ, मुंबई

पावसाळा सुरू झाला की आमच्या काउंटरवर एक प्रश्न ठरलेला. हातात सोनोग्राफीचा कागद, त्यावर ‘माइल्ड स्प्लीनोमेगाली’ या दोन शब्दांखाली पेनाने रेघ ओढलेली, आणि चेहऱ्यावर रात्रभर मोबाइलवर शोधाशोध केल्याचा थकवा. “याच्यासाठी कुठली टेस्ट करायची?” असं विचारतात. काउंटरवर गर्दी असते, पाच मिनिटं बोलायला होत नाही, म्हणून हा कागद छापला.

आधी नावाचं बघू. स्प्लीन म्हणजे प्लीहा, आणि ‘माइल्ड स्प्लीनोमेगाली’ म्हणजे ती थोडी वाढलेली. गावाकडची म्हातारी माणसं तिला पानथरी म्हणतात, आणि “त्याला पानथरी झालीय” असं म्हणाली की त्याचा अर्थ ती वाढलीय. म्हणजे अवयवाचं आणि आजाराचं नाव एकच. त्यावरून कळतं की तब्येत ठीक असताना या अवयवाची आठवण कुणाला होत नाही.

प्लीहा पोटात डावीकडे वर, जठराच्या मागच्या बाजूला, नववी ते अकरावी बरगडी जिथे आहे तिथे आत दडलेली असते. आकाराने साधारण मुठीएवढी, जांभळट, मऊ, वजन दीडशे ते दोनशे ग्रॅम. मोठ्या माणसात बारा-तेरा सेंटीमीटरपर्यंतची लांबी सर्वसाधारण धरतात. उंच, धिप्पाड माणसात ती थोडी जास्त असू शकते, म्हणून सहा फुटी मुलाच्या रिपोर्टात 13.2 आलं तर लगेच घाबरून जाऊ नका. कधीकधी रिपोर्टात ‘अ‍ॅक्सेसरी स्प्लीन’ असंही लिहून येतं. मूळ प्लीहेशेजारी सुपारीएवढी किंवा त्याहून लहान अशी जादा प्लीहा जन्मापासूनच असते आणि ती बऱ्याच जणांत सापडते. ती गाठ नाही.

आता ती करते काय. हृदयातून निघणाऱ्या रक्तातला साधारण पाच टक्के भाग तिच्यातून जातो, म्हणजे मिनिटाला सुमारे पाव लिटर. आत गेल्यावर तांबड्या पेशींना अतिशय अरुंद फटींतून वाट काढावी लागते. पेशी सात-आठ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंद आणि फट एक-दोन मायक्रॉनची. तरुण पेशी अंग चोरून, वळून निघून जाते, विरार फास्टच्या दारातून रोजचा प्रवासी आत सरकतो तशी. तांबड्या पेशीचं आयुष्य साधारण 120 दिवसांचं. म्हातारी झाली की ती ताठर होते, फटीत अडकते आणि तिथल्या भक्षक पेशी तिला गिळून टाकतात. तिच्यातलं लोह वाया जात नाही, ते परत अस्थिमज्जेकडे नव्या पेशींसाठी जातं. आमच्या जुन्या चाळीतल्या भंगारवाल्याचा हिशोब इतका चोख नव्हता.

याहून नाजूक काम आहे ते निवडण्याचं. पेशी चांगली आहे, पण तिच्यात केंद्रकाचा एखादा कण उरलाय, तर प्लीहा तेवढा कण काढून घेते आणि पेशीला पुढे जाऊ देते. तांदूळ निवडताना आपण खडा काढतो, तांदूळ फेकत नाही, तसंच. हा कण पुढच्या एका गोष्टीत पुन्हा येणार आहे, तेवढा लक्षात ठेवा.

तिसरं काम जंतूंशी लढण्याचं. प्लीहेत पांढऱ्या पेशींची बेटं असतात, तिथे रक्तातला जंतू ओळखला जातो आणि त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. न्यूमोकोकससारखे काही जंतू अंगावर गुळगुळीत कवच घेऊन फिरतात आणि इतर पहारेकऱ्यांच्या हातातून निसटतात. त्यांना पकडण्यात प्लीहेचा हात धरणारं कुणी नाही. शिवाय शरीरातल्या एकूण प्लेटलेट्सपैकी सुमारे एक तृतीयांश एरवीही तिच्यात साठून असतात. सुश्रुताने रसाला रंग देणाऱ्या रंजक पित्ताचं ठिकाण यकृत आणि प्लीहा सांगितलं आहे. गर्भात असताना काही काळ प्लीहा रक्तपेशी बनवतेही, तेव्हा त्या जुन्या निरीक्षणाकडे आम्ही तरी आदराने बघतो.

मग ती वाढते का?

आमच्या अनुभवात प्लीहा स्वतःच्या आजाराने क्वचितच वाढते, बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाच्या दुखण्याने वाढते. मुंबईत, त्यातही पावसाळ्यात, पहिला संशय मलेरियावर. जंतू शिरलेल्या तांबड्या पेशी अडवण्याचं काम तिच्यावर पडतं आणि कामाच्या ताणाने ती फुगते. हे नातं इतकं पक्कं की एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून एखाद्या भागात मलेरिया किती मुरलाय ते मोजायला डॉक्टर तिथल्या मुलांची पोटं चाचपून बघत. शंभरातल्या किती मुलांची प्लीहा हाताला लागते, तो त्या गावाचा आकडा. मुंबईपुरतं सांगायचं तर 1911 मध्ये डॉ. बेंटली यांनी शहरातल्या मलेरियावर अहवाल दिला आणि बोट ठेवलं ते वाड्या-चाळींतल्या विहिरींवर आणि टाक्यांवर, कारण अ‍ॅनोफेलिस स्टिफेन्सी डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो. तुमच्या इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीचं झाकण आज नीट बसतं का, ते एकदा वर जाऊन बघा. सेक्रेटरींना सांगितलंय म्हणून गप्प बसू नका.

मलेरियावर उपचार झाले की प्लीहा काही आठवड्यांत हळूहळू मूळ आकाराला येते. फक्त व्हायव्हॅक्स मलेरियात जंतू यकृतात झोपून राहतात, म्हणून डॉक्टर प्रायमाक्विनचा चौदा दिवसांचा कोर्स देतात. ताप तिसऱ्या दिवशी उतरतो आणि गोळ्या कपाटात राहतात, हे आम्ही दरवर्षी बघतो. दोन-तीन महिन्यांनी तोच पेशंट तोच थंडीताप घेऊन येतो आणि म्हणतो, “पुन्हा डास चावला वाटतं.” प्रायमाक्विनच्या आधी जी6पीडी ही रक्त तपासणी सांगितली असेल तर ती टाळू नका. ते एन्झाइम कमी असलेल्यांच्या तांबड्या पेशी या गोळीने फुटू शकतात.

टायफॉइडमध्ये, काही विषाणूंच्या तापांतही प्लीहा थोडी वाढते. या सगळ्यांत ताप हा मुख्य साक्षीदार असतो.

ताप नसताना प्लीहा वाढलेली सापडली तर गोष्ट वेगळी. तेव्हा आधी यकृताकडे बघावं लागतं. प्लीहेतून निघणारं रक्त यकृतातून जातं. यकृत दारूने, कावीळ बी किंवा सी ने किंवा वर्षानुवर्षं दुर्लक्षित चरबीने कडक झालं की पुढचा रस्ता तुंबतो आणि रक्त मागे प्लीहेत साठतं. पुढे जे होतं ते आम्हाला सीबीसीवर, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, दिसतं: प्लेटलेट्स आधी दीड लाखाच्या खाली येतात, मग पांढऱ्या पेशी, कधी हिमोग्लोबिनही. अस्थिमज्जा माल बनवत असते, पण सुजलेलं कोठार तो अडकवून ठेवतं. वर्षभर सतत नव्वद हजार, पंच्याऐंशी हजार प्लेटलेट्स दिसणाऱ्या माणसाला पपईच्या पानांचा रस पाजत बसण्यापेक्षा यकृताची तपासणी करून घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. किवीबद्दलही तेच. फळ म्हणून जरूर खा, डेंगीच्या दिवसांत त्याला जो भाव येतो तो मात्र प्लेटलेट्सच्या आशेवर चढलेला असतो.

थॅलेसेमिया, जन्मजात गोल पेशींचा आजार, रक्ताचे काही कर्करोग यांतही ती वाढते, आणि कधी फारच मोठी होते. सिकल सेलमध्ये बऱ्याचदा उलटं घडतं. लहानपणी वाढलेली प्लीहा आतल्या आत रक्तपुरवठा तुटून हळूहळू सुकते आणि निकामी होते. पालघर, नंदुरबार, गडचिरोली भागातल्या ज्या कुटुंबांत हा आजार आहे, त्यांनी मुलांच्या तापाबाबत पुढचा ‘प्लीहा काढलेल्यांसाठी’ हा भाग आपलाच समजून वाचावा.

आता तपासणीबद्दल. ‘स्प्लीन पॅकेज’ आमच्याकडे नाही, कारण तशी एक चाचणी नसतेच. डॉक्टर तुम्हाला उताणं झोपवतील, गुडघे दुमडायला सांगतील आणि हात ठेवतील तो उजव्या ओटीपोटावर. पेशंट म्हणतात, “डॉक्टर, डावीकडे म्हणाले होते ना?” डॉक्टर चुकलेले नसतात. वाढलेली प्लीहा बेंबीच्या दिशेने तिरकी खाली उतरते. बरगडीजवळून सुरुवात केली तर हात सरळ तिच्यावरच पडेल आणि कड सापडणारच नाही. म्हणून खालून वर येत, दर श्वासाला थोडं सरकत जातात. हाताला लागली की सोनोग्राफीने मोजतात. आमचं काम त्यानंतरचं: सीबीसी, स्लाइड (काचेवर पसरलेलं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली बघणं), मलेरियाची जाड आणि पातळ फिल्म, गरज असेल तर यकृताच्या चाचण्या आणि हिमोग्लोबिनचं विश्लेषण. सीबीसीला उपाशी येण्याची गरज नाही. पोटाच्या सोनोग्राफीला मात्र काही तास उपाशी राहायला सांगतात, ते पित्ताशय नीट दिसावं म्हणून.

मशीनच्या आकड्यावर आम्ही एकट्याने विश्वास ठेवत नाही, आणि त्यालाही कारण आहे. काही वर्षांपूर्वी एका ताईंच्या प्लेटलेट्स आमच्या मशीनने 38 हजार दाखवल्या. ताप नाही, अंगावर डाग नाही, तरी घरचे अ‍ॅडमिट करायला निघाले होते. पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी स्लाइड लावली तर प्लेटलेट्सचे घोस च्या घोस. जांभळ्या झाकणाच्या नळीतल्या रसायनाने काही जणांच्या प्लेटलेट्स एकमेकींना चिकटतात आणि मशीन घोस मोजत नाही. निळ्या झाकणाच्या नळीत परत रक्त घेतलं, एक लाख नव्वद हजार निघाल्या. तेव्हापासून एक लाखाच्या खालचा कुठलाही आकडा स्लाइड बघितल्याशिवाय आमच्याकडून बाहेर जात नाही. त्यामुळे रिपोर्टला तास-दोन तास जास्त लागले तर रागावू नका.

वाढलेली प्लीहा सांभाळायची कशी?

बरगडीखाली होती तोवर पिंजऱ्यात होती, आता ती पिंजऱ्याबाहेर आली आहे आणि तिचं आवरणही ताणलेलं आहे. साध्या धक्क्यानेही फाटू शकते. मलेरियातून नुकत्याच उठलेल्या गोविंदाने त्या वर्षी थरावर चढू नये, हे आम्ही हात जोडून सांगतो. दहीहंडी नेमकी तापाच्या हंगामात येते आणि मंडळातली मुलं “दोन दिवसांपूर्वीच ताप उतरलाय, फिट आहे” म्हणत कमरेला रुमाल बांधतात. कबड्डी, फुटबॉल, जिममधलं जड वजन, सगळंच डॉक्टर होकार देईपर्यंत थांबवा. पोट चोळून घेऊ नका. पानथरी ‘बसवणारे’ म्हणून कुणी पोट दाबत असेल तर त्याच्या हाती तर मुळीच लागू नका.

निरोगी प्लीहाही मारामुळे फाटते. बाइकवरून पडणं, सायकलचं हँडल पोटात बसणं, थरावरून डाव्या कुशीवर कोसळणं. अशा वेळी डाव्या बरगडीखाली दुखतंच, पण काहींना दुखतो तो डावा खांदा, आणि खांद्याला तर काही लागलेलं नसतं. आत सांडलेलं रक्त श्वासपटलाला टोचतं आणि त्याची कळ खांद्यावर उमटते. चक्कर, थंड घाम, चेहरा पांढराफटक, नाडी जोरात, यातलं काहीही दिसलं तर खांद्याला बाम लावत बसू नका. 108 ला फोन करा किंवा ज्या रुग्णालयात चोवीस तास शस्त्रक्रिया होते तिथे थेट न्या. रक्तस्राव कधी लगेच दिसत नाही, काही दिवसांनीही होतो. आज असे कित्येक पेशंट ऑपरेशनशिवाय, नुसत्या देखरेखीखाली बरे होतात, पण ती देखरेख रुग्णालयातच व्हायला हवी.

प्लीहा काढलेल्यांसाठी

प्लीहा नसली तरी माणूस नीट जगतो, बरीचशी कामं यकृत आणि इतर अवयव उचलतात. कवचवाल्या जंतूंचं काम मात्र उघडं पडतं. म्हणून न्यूमोकोकल, मेनिंगोकोकल आणि हिब या लसी, दरवर्षी फ्लूची लस, आणि ठरवून ऑपरेशन असेल तर लसी किमान दोन आठवडे आधी. काही डोस काही वर्षांनी पुन्हा घ्यावे लागतात. ताप आला तर “उद्या बघू” हे दोन शब्द विसरायचे. या माणसांत जंतुसंसर्ग काही तासांत जिवावर बेततो आणि हा धोका आयुष्यभर राहतो. कुत्रा चावला तर रेबीजच्या लसीबरोबर अँटिबायोटिकबद्दलही विचारा, कुत्र्याच्या लाळेतला एक जंतू अशांच्या जिवावर उठतो.

आता तो कण. मागे एक काका साखर तपासायला आले, सोबत सीबीसी. फॉर्मवर ‘पूर्वी झालेली ऑपरेशन्स’ समोर ‘नाही’ लिहिलेलं. स्लाइडवर मात्र तांबड्या पेशींमध्ये ठिपके, एका पेशीत एक, गोल, गडद जांभळे, बारीक मोहरीसारखे. हॉवेल-जॉली बॉडीज. तांदळातला खडा काढणारं कुणी घरात नाही, याची खूण. मॅडमनी फोन लावला.

“काका, पोटाचं ऑपरेशन झालंय का कधी?”

“छे. हां, ते ट्रकने उडवलं होतं तेव्हा पोट उघडलं होतं. पण ते अ‍ॅक्सिडेंटचं, आजाराचं नव्हतं.”

काकांच्या लेखी अपघातातलं ऑपरेशन हे ऑपरेशनच नव्हतं. कागद पुरात गेलेले, लस एकही घेतलेली नाही, आणि त्यांच्या फॅमिली डॉक्टरांनाही हे ठाऊक नव्हतं. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी लसी सुरू केल्या.

आमच्या फॉर्मवर आता चौथ्या ओळीत वेगळी चौकट आहे: ‘अपघातात किंवा इतर कारणाने प्लीहा (पानथरी) काढली आहे का?’ पोटावर जुना लांब टाका असेल आणि कारण आठवत नसेल तर ‘माहीत नाही’ वर खूण करा. स्लाइड बघून आम्ही फोन करू.