अमेरिकेतल्या स्टार्टअपची ऑफर आली, पण व्हिसा कोण देणार?

कॉलेज भारतात आणि इंटर्नशिप अमेरिकेत, अशा मुलांसाठी सरळ मार्ग एकच: जे-१ या देवाणघेवाण कार्यक्रमांच्या व्हिसातला ‘इंटर्न’ हा प्रकार. टुरिस्ट व्हिसावर जाऊन ‘पगार घेत नाही, नुसतं शिकतोय’ म्हणायची आयडिया दर वर्षी कुणाला तरी सुचतेच. तिच्या वाटेला जाऊ नका.

जे-१ मध्ये ऑफर देणारी कंपनी तुम्हाला स्वतः बोलावू शकत नाही. मध्ये एक स्पॉन्सर संस्था लागते, तीही अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने मान्यता दिलेली. डीएस-२०१९ हा फॉर्म तीच देते, आणि तो नसेल तर जे-१ साठी अर्जच करता येत नाही. मान्य संस्थांची यादी परराष्ट्र खात्याच्या जे-१ संकेतस्थळावर आहे. एजंटाला पैसे देण्याआधी तो कोणत्या स्पॉन्सरमार्फत काम करतो ते विचारा आणि नाव यादीत शोधा.

पात्रतेत पहिली अट शिक्षणाची. सध्या अमेरिकेबाहेरच्या कॉलेजात शिकत असाल, किंवा पदवी मिळून इंटर्नशिपच्या पहिल्या दिवसापर्यंत १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ लोटला नसेल, तरच इंटर्न. त्यानंतर ‘ट्रेनी’ हा प्रकार उरतो, पण त्याला पदवीनंतर अमेरिकेबाहेरचा किमान एक वर्षाचा अनुभव हवा. पदवीला १४ महिने झालेत आणि नोकरी फक्त आठ महिन्यांची, असा मुलगा दोन्हीकडून लटकतो.

दुसरी अट, काम शिक्षणाच्या विषयातलं हवं. आपल्याकडे मेकॅनिकलची निम्मी बॅच कोडिंगच्या मागे असते, पण स्पॉन्सर मार्कशीटवरचे विषय बघतो. इंटर्नशिप जास्तीत जास्त १२ महिन्यांची, आठवड्याला किमान ३२ तास.

आता स्टार्टअपची खरी अडचण. कंपनीत २५ पेक्षा कमी माणसं असतील किंवा वार्षिक उत्पन्न ३० लाख डॉलरच्या खाली असेल, आणि त्या स्पॉन्सरबरोबर तिने आधी इंटर्न घेतलेला नसेल, तर स्पॉन्सरला जागेवर जाऊन पाहणी करावी लागते. शिकवायला माणूस आहे का, बसायला जागा आहे का, हे बघितलं जातं. चार जणांच्या कंपनीचा संस्थापक इथेच कंटाळतो. म्हणून पाहणी लागेल हे त्याला पहिल्याच ईमेलमध्ये सांगून टाका.

डीएस-७००२ हा प्रशिक्षणाचा आराखडा कंपनीने भरायचा असतो आणि त्यावर तुमची, तुमच्या सुपरवायझरची आणि स्पॉन्सरची सही लागते. माझ्याकडे तपासायला आलेल्या एका फॉर्ममध्ये कामाच्या रकान्यात एकच ओळ होती: ‘टीमला लागेल ती मदत करणे.’ हा परत येणारच. आम्ही तो असा फोडला: पहिले चार आठवडे जुना कोड वाचणं आणि टेस्ट लिहिणं, पुढचे सहा आठवडे एक मॉड्यूल सुपरवायझरच्या देखरेखीत, प्रत्येक टप्प्यात काय शिकणार आणि ते कोण तपासणार. कारकुनी काम एकूण वेळेच्या २० टक्क्यांवर जाता कामा नये.

कागद तसे ओळखीचेच: पासपोर्ट, रेझ्युमे, मार्कशीट, कॉलेजचं बोनाफाईड, खर्चाची सोय दाखवणारे बँकेचे कागद आणि स्पॉन्सरच्या अटींनुसार आरोग्य विमा. स्पॉन्सर व्हिडिओ कॉलवर इंग्रजीही तपासू शकतो. नावाकडे मात्र नीट बघा. आपल्या पासपोर्टवर बहुतेकदा ‘गिव्हन नेम’मध्ये वडिलांचं नाव असतं आणि ऑफर लेटरवर नुसतं ‘ओंकार पाटील’. डीएस-२०१९ वर पासपोर्टप्रमाणेच नाव येऊ द्या.

डीएस-२०१९ आला की आय-९०१ या फॉर्मवर २२० डॉलर सेविस फी (परदेशी विद्यार्थी आणि इंटर्नची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकी यंत्रणेची), मग डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज आणि १८५ डॉलर व्हिसा फी. स्पॉन्सरची फी वेगळी. जून २०२५ पासून जे-१ व्हिसाच्या अर्जदारांना सोशल मीडियाची खाती ‘पब्लिक’ ठेवायला सांगितलं जातं. मुलाखतीत परत येणार कशावरून, हे पटवावं लागतं. एखादं सेमिस्टर शिल्लक असेल तर ते बोनाफाईडमध्ये स्पष्ट लिहून घ्या.

जे-१ संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहण्याच्या अटीची भीती अनेकांना असते. अमेरिकेच्या ‘कौशल्य यादी’त ज्यांचा देश आणि विषय असतो, त्यांना ती लागते; डिसेंबर २०२४ मध्ये भारत त्या यादीतून वगळला गेला. सरकारी पैशावर जाणाऱ्यांना ती अट अजूनही लागू शकते.

आणि विमान बुक करताना लक्षात असू द्या, डीएस-२०१९ वरच्या सुरुवातीच्या तारखेआधी ३० दिवसांपेक्षा लवकर प्रवेश मिळत नाही. १ जूनची सुरुवात असेल तर एप्रिलचं तिकीट कितीही स्वस्त असलं तरी कामाचं नाही.