उन्हाळ्यात वीजबिल फुगते कुठून? छत, कूलर आणि दरांच्या टप्प्यांची पार्श्वभूमी

नागपुरातल्या एखाद्या मध्यमवर्गीय घरात फेब्रुवारीत ९० युनिट जळतात आणि मे महिन्यात ३४०, असे धरू. वापर वाढला पावणेचारपट. महावितरणच्या २०२४-२५ च्या दरांनी हिशेब मांडला तर नुसता ऊर्जा आकार, म्हणजे वापरलेल्या युनिटांची किंमत, ४२४ रुपयांवरून ३,१११ रुपयांवर जातो, म्हणजे सातपटीहून जास्त. स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आणि १६ टक्के वीज शुल्क यांची भर पडते ती वेगळीच. ‘मीटर पळतंय’ ही दर उन्हाळ्यातली तक्रार इथूनच निघते. मीटर बहुतेक वेळा धड असतो. महाग पडतात ती शेवटची शे-दीडशे युनिटे.

उष्णता घरात शिरते ती छतातून आणि भिंतींतून. ती बाहेर काढायला यंत्र लागते, यंत्राला वीज लागते आणि सरतेशेवटी बिल येते. आपल्याकडचे नियम मात्र नेमक्या उलट्या क्रमाने आले. आधी दर ठरले, मग यंत्रांकडे लक्ष गेले आणि घराची पाळी आली सगळ्यांत शेवटी. उन्हाळ्यातल्या खर्चाची निम्मीअधिक कथा या उलट्या क्रमात आहे.

महाराष्ट्रात वीज घराघरांत पोचायला बराच काळ गेला. मुंबईत १९०५ पासून बीईएसटी कंपनी वीज पुरवू लागली. १९१५ साली खोपोलीचे टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि घाटावर कोसळणारा पाऊस मुंबईच्या गिरण्या चालवू लागला. उरलेल्या राज्यासाठी १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. घरात तेव्हा दिवे, फार तर एखादा पंखा आणि रेडिओ. उन्हाळा आणि वीजबिल यांचा एकमेकांशी फारसा संबंधच नव्हता. उन्हाळ्याचा बंदोबस्त घर स्वतःच करत असे.

मराठवाडा, खानदेश, वऱ्हाड या भागांत धाब्याची आणि माळवदाची घरे होती. लाकडी तुळया आणि किलचे (आडव्या लाकडी पट्ट्या), त्यांवर मातीचा जाड थर. भिंती दोन-दोन फूट रुंद. दुपारचे ऊन त्या मातीतून आत झिरपेपर्यंत संध्याकाळ व्हायची आणि तोवर माणसे अंगणात किंवा धाब्यावर झोपायला निघालेली असत. वाड्यांना चौक असायचा, कोकणात उतरती कौले आणि खोल पडवी असायची. या घरांचे उगाच गोडवे गाण्यात अर्थ नाही. दरवर्षी पावसाळ्याआधी माळवदावर माती टाकावी लागे, विंचू निघत, आणि पाऊस लागून राहिला की गळती ठरलेली. लोकांनी सिमेंटचे घर निवडले ते शहाणपणानेच.

पण सिमेंटबरोबर आणखी एक गोष्ट आली. चार-पाच इंचांचा आरसीसी स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि काही तासांनी ते खोलीत सोडू लागतो. मे महिन्यात उघड्या गच्चीचा पृष्ठभाग ६० अंशांच्या आसपास तापतो. वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. रात्री दहा वाजता छताला हात लावला तर ते कोमट लागते, आणि पंखा छताजवळची तीच गरम हवा खाली ढकलत राहतो. मुंबई-पुण्यात गच्चीवर ब्रिकबॅट कोबा करायची पद्धत आहे, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर आणि त्यावर घोटलेले सिमेंट. तो गळती थांबवण्यासाठी घालतात, पण विटांमुळे थोडी उष्णताही अडते. काही ठिकाणी वर पांढऱ्या लाद्यांचे तुकडे बसवतात, तेही ऊन परतवतात. हा फायदा जवळजवळ अपघाताने मिळालेला आहे. उष्णता अडवायची म्हणून छत बांधणारे मिस्त्री आजही विरळाच.

घर असे तापू लागल्यावर यंत्र आले. आधी ते विजेविनाच होते. इंग्रजांच्या काळात कचेऱ्यांच्या दारांना वाळ्याच्या ताट्या लावत, त्यांवर पाणी मारायला माणूस ठेवत, आणि लू आत येताना थंड होऊन यायची. विदर्भाचा कूलर हे त्याच ताटीचे पत्र्याच्या पेटीत बसवलेले रूप. तीन बाजूंना लाकडाच्या बारीक सालपटांच्या किंवा खसच्या ताट्या, खाली पाण्याची टाकी, छोटा पंप आणि समोर पंखा. होळी झाली की नागपूर-अकोल्यात कूलर माळ्यावरून उतरतात. ताट्या बदलल्या जातात, टाकीत गेल्या वर्षी साचलेला क्षारांचा पांढरा थर खरवडला जातो, पंपाला नवी नळी लागते. कूलर खिडकीबाहेर स्टँडवर जातो आणि जूनमध्ये पाऊस येईपर्यंत तिथेच राहतो.

हे यंत्र विदर्भात इतके रुजले त्यामागे साधे भौतिकशास्त्र आहे. पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता शोषली जाते, आणि हवा जितकी कोरडी तितकी वाफ जास्त. बाहेर ४५ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर चांगला कूलर हवा तिशीच्या आसपास आणू शकतो. त्याला वीज लागते साधारण २०० वॅट, तर दीड टनाचा एसी पूर्ण जोरात चालताना दीड हजार वॅटच्या घरात जातो. मुंबईत मात्र मे महिन्यात ३४ अंशांबरोबर साठ-सत्तर टक्के आर्द्रता असते. तिथे कूलर खोलीत फक्त दमटपणा वाढवतो. नागपुरातही खिडकी-दार बंद करून कूलर लावला की तासाभरात चिपचिप सुरू होते, कारण आत येणाऱ्या हवेला बाहेर जायला वाट हवी. हे न कळल्यामुळे ‘कूलर काम करत नाही, आता एसीच घेऊ’ असे ठरवलेली घरे कमी नसतील. कूलरचा खरा धोका वेगळाच आहे. पत्र्याची पेटी, पाणी आणि अर्थिंग नसलेली वायर यांच्या संगतीत विदर्भात उन्हाळ्यात माणसे शॉक लागून दगावतात. म्हणूनच प्लग काढल्याशिवाय टाकीत पाणी भरू नका, असे महावितरण उन्हाळ्यात सांगत असते.

एसी बराच काळ घरात आलाच नव्हता. तो सिनेमागृहात, हॉटेलात आणि साहेबांच्या केबिनमध्ये होता. १९५४ साली व्होल्टास ही कंपनी निघाली तरी मध्यमवर्गाच्या बेडरूमपर्यंत एसी पोचायला उदारीकरण, सुलभ हप्ते आणि वाढत्या पगारांची वाट पाहावी लागली. आणि नेमका तो पोचू लागला तेव्हा राज्यात वीजच नव्हती. साधारण २००५ पासून २०१२ पर्यंतचा भारनियमनाचा काळ ज्यांनी काढला त्यांना वेळापत्रक अजून पाठ असेल. वीजगळती आणि बिलांची वसुली पाहून फीडरचे, म्हणजे भागाभागाला वीज नेणाऱ्या वाहिन्यांचे, ए, बी, सी, डी असे गट पाडलेले होते आणि आपला फीडर कोणत्या गटात यावर दुपारची झोप ठरत होती. घरोघरी इन्व्हर्टर आले ते याच काळात.

दरांचा इतिहास याच सुमाराला वळण घेतो. आधी दर मंडळ आणि सरकार ठरवत असे. १९९९ मध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोग स्थापन झाला. २००३ च्या वीज कायद्यानंतर, २००५ मध्ये, मंडळाचे विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण या कंपन्या झाल्या. आता आयोग जनसुनावण्या घेऊन दर ठरवतो. घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात. कमी वापरणाऱ्याला स्वस्त वीज मिळावी आणि जास्त वापरणाऱ्याने त्याचा भार उचलावा, हा त्यामागचा विचार. २०२४-२५ मध्ये पहिल्या १०० युनिटांना ४ रुपये ७१ पैसे, १०१ ते ३०० ला १० रुपये २९ पैसे, ३०१ ते ५०० ला १४ रुपये ५५ पैसे असा ऊर्जा आकार होता. एक गैरसमज इथे फार पसरलेला आहे. १०१ वे युनिट पडले म्हणून आधीची १०० महाग होत नाहीत, वरच्या युनिटांनाच वरचा दर लागतो. पण उन्हाळ्यातला कूलर, एसी आणि फ्रिजचा जादा वापर बरोबर याच वरच्या युनिटांत जाऊन बसतो. म्हणून सुरुवातीच्या त्या नागपूरच्या घरात मे महिन्यात ४० युनिटे वाचवली तर ती युनिटामागे साडेचौदा रुपयांची वाचतात, पावणेपाच रुपयांची नव्हे.

याच दिवसांत आणखी एक कागद येतो, अतिरिक्त सुरक्षा ठेवीचा. आर्थिक वर्ष संपले की गेल्या वर्षीच्या वापरावरून ती ठरवली जाते. २०२१ च्या नियमांनुसार ही ठेव दोन महिन्यांच्या सरासरी बिलाइतकी असते. हे बिल वेगळे असते, पण एप्रिल-मेमध्येच येते, आणि त्याचा रागही कूलरवर निघतो.

यंत्रांकडे लक्ष वळले ते २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यानंतर. २००२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो, म्हणजे बीईई, स्थापन झाला आणि २००६ मध्ये यंत्र विजेत किती काटकसरी आहे ते सांगणारी तारांकित लेबले सुरू झाली, आधी ऐच्छिक. २०१० पासून एसी आणि फ्रॉस्ट-फ्री फ्रिजला ती सक्तीची झाली. एसीचे निकष दर काही वर्षांनी कडक होत गेले, त्यामुळे दहा वर्षांपूर्वीचे पाच तारे आणि आजचे पाच तारे एक नव्हेत. जुना ‘फाइव्ह स्टार’ घेताना विकणारा हे सांगत नाही. शिवाय लेबलावरचा वार्षिक वापर १,६०० तासांचा असतो आणि त्याच्या हिशेबात बाहेरचे तापमान २४ ते ४३ अंश धरलेले असते. अकोला, नागपूर, चंद्रपूर मे महिन्यात ४३ सर्रास ओलांडतात. लेबल दोन एसींची तुलना करायला उत्तम, पण वऱ्हाडातल्या बिलाचे भाकीत त्यावरून करू नये.

२०२० पासून नवे एसी सुरू होताना आपोआप २४ अंशांवर येतात. तापमान एक अंशाने वाढवले की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे बीईई सांगतो. जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहरलाल खट्टर यांनी २० ते २८ अंशांची मर्यादा घालण्याची कल्पना मांडली, तेव्हा त्यावर विनोदच जास्त झाले. त्यामानाने पंखा दुर्लक्षित राहिला. साधा छताचा पंखा ७५ वॅट घेतो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशविरहित मोटरचा, तीसच्या आसपास. आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी २०१२ मध्ये सुरू केलेल्या अ‍ॅटमबर्गने हे पंखे घरोघरी पोचवले, पण पंख्यांना तारे सक्तीचे व्हायला २०२३ उजाडले. दिवसाला पंधरा तास चालणारे तीन पंखे धरले तर महिन्याला साठेक युनिटांचा फरक पडतो. एसी घेण्याआधी पंखे बदलावेत, असे माझे मत आहे.

घराची पाळी आली २०१८ मध्ये. बीईईच्या ‘इको-निवास संहिते’ने भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेला आणि छतातून झिरपणाऱ्या उष्णतेला प्रथमच आकड्यांत मर्यादा घातल्या. साध्या उघड्या आरसीसी स्लॅबमधून त्या मर्यादेच्या दुपटीहून जास्त उष्णता आत येते. पण राज्यांनी बांधकाम नियमांत आणल्याशिवाय ही संहिता लागू होत नाही, आणि आधीच उभी असलेली कोट्यवधी छते तिच्या कक्षेबाहेरच आहेत. त्यांच्यासाठी अहमदाबादने वाट दाखवली. २०१० च्या जीवघेण्या उष्णतेच्या लाटेनंतर तिथे २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा झाला आणि पुढे गरीब वस्त्यांतली छते पांढरी रंगवली गेली. गच्चीला चुना मारणे आपल्याकडे कुणाला नवीन नाही. पहिल्या पावसात तो धुऊन जातो, पण तोवर एप्रिल-मेचे काम झालेले असते.

सध्याचा टप्पा छत आणि मीटर दोघांनाही जोडणारा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत छतावरच्या सौर पॅनेलसाठी १ किलोवॅटला ३० हजार, २ ला ६० हजार आणि ३ किंवा जास्तीला ७८ हजार रुपये अनुदान आहे. एक किलोवॅट महिन्याला साधारण १२० युनिटे देतो, वर पॅनेलची सावली स्लॅबवर पडते ती फुकटात. दुसरीकडे वेळेनुसार वापर नोंदवणारे स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर सवलत मिळू लागली. वॉशिंग मशीन, पाण्याची मोटर आणि दुपारचा कूलर यांना ती लागू पडते. एसी मात्र बहुतेक घरांत रात्री जेवणानंतर लागतो, दिवसभर तापलेला स्लॅब खोलीत उष्णता सोडत असतो तेव्हा.