कुंडीतलं ब्रह्मकमळ : झाडावर राहणारा निवडुंग

पावसाळ्यातल्या एखाद्या रात्री जे फुललं म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांना हाका मारल्या जातात, ते आपल्या बाल्कनीतलं ब्रह्मकमळ हा चक्क निवडुंग आहे. हिमालयातलं ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातलं, त्याचं याच्याशी नातं नाही. आपलं झाड म्हणजे एपिफायलम ऑक्सिपेटलम, मूळचं दक्षिण मेक्सिको आणि ग्वाटेमालाकडच्या जंगलांतलं. तिथे ते फांद्यांच्या बेचक्यात साठलेल्या पालापाचोळ्यात मुळं रोवतं. बांडगुळासारखा झाडाचा रस ते शोषत नाही. आधार तेवढा घेतं.

ज्याला आपण पान म्हणतो ते खरं तर चपटं खोड. त्याच्या कडेच्या खाचा निरखून पाहा. वाळवंटी निवडुंगाला ज्या ठिपक्यांतून काटे फुटतात, तेच ठिपके इथे खाचांत असतात आणि कळी तिथूनच निघते. म्हणजे ‘पानातून फूल’ हा चमत्कार नव्हे. पांढरा रंग, उग्र सुवास, लांब नळी हा सारा थाट रात्री फिरणाऱ्या पतंगांसाठी.

याची भावंडंही नर्सरीत मिळतात. खोड करवतीसारखं खोल कातरलेलं असेल तर तो फिशबोन कॅक्टस. खोड त्रिधारी असेल तर ड्रॅगनफ्रूट. छोट्या पेरांची साखळी आणि पेरांना टोकदार दात असतील तर ब्राझीलच्या डोंगरांतला श्लुंबर्गेरा. दोरीसारख्या बारीक लोंबत्या फांद्या म्हणजे ऱ्हिप्सॅलिस. त्याच्या एका जातीचं मला फार अप्रूप वाटतं: अमेरिका खंडांबाहेर, आफ्रिकेत आणि श्रीलंकेत, निसर्गतः उगवणारा हा एकमेव निवडुंग.

‘निवडुंग आहे ना, मग भर उन्हात ठेवा आणि पाणी विसरा’ हा सल्ला इथे मुळीच ऐकू नका. कडक उन्हात खोड पिवळं पडतं. सकाळचं कोवळं ऊन पुरे. निव्वळ काळ्या मातीत मुळं गुदमरून कुजतात, म्हणून नारळाच्या सोडणाचे तुकडे, पानांचं खत आणि जाड वाळू मिसळा. वरचा थर सुकला की पाणी द्या. बशीत साचू देऊ नका. कुंडी थोडी लहानच बरी. खोडाचा तुकडा लावायचा तर काप आधी काही दिवस सावलीत सुकवा.

श्लुंबर्गेराला कळ्या धरायला मोठ्या, गार आणि अखंड काळोख्या रात्री लागतात. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड खिडकीत येत असेल, तर पावसाळा सरताच त्याची कुंडी दुसरीकडे हलवा.